गल्ला बंद करा, गोदाम नको

27 मार्च 2023 रोजी निंटेंडो या जपानी गेम कंपनीने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या दोन जुन्या कन्सोलचं, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांचं, ऑनलाइन दुकान बंद केलं. अचानक काहीच झालं नाही. घोषणा वर्षभर आधी, फेब्रुवारी 2022 मध्ये झाली होती. मे महिन्यात क्रेडिट कार्डाने पैसे भरणं थांबलं, ऑगस्टअखेर प्रीपेड कार्डं चालेनाशी झाली आणि शेवटी खरेदीच थांबली. दुकान आवरायचं तर कसं आवरावं, याचा हा वस्तुपाठच म्हणावा लागेल. घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करता येतील, असंही आश्वासन मिळालं. कधीपर्यंत, ते मात्र कुणी सांगितलं नाही. नजीकच्या काळात तरी, एवढंच.

माझं भांडण आहे ते या न सांगितलेल्या तारखेशी. दुकान बंद होण्याशी नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेमवेड्यांच्या गोटात असली बातमी आली की तासाभरात कंपनी लुटारू ठरते. मला ते पटत नाही. थ्रीडीएस हे 2011 चं यंत्र. त्याची एन्क्रिप्शनची तऱ्हा, पैसे घेण्याची सोय, सगळं त्या काळातलं. कार्डाने पैसे घ्यायचे तर सुरक्षेचे नियम दर काही वर्षांनी कडक होतात, देशोदेशीचे कर बदलतात, आणि हे सगळं जुन्या यंत्राच्या तुटपुंज्या मेमरीत कोंबायला पगारी माणसं लागतात. वी यू तर जगभरात मिळून दीड कोटीसुद्धा खपला नाही. दहा वर्षांनंतर त्याच्या दुकानात रोज किती गिऱ्हाइकं येत असतील? बंद करा गल्ला, माझी काही हरकत नाही.

पण गल्ल्याच्या मागे गोदाम असतं. गेमची फाइल जिथून येते तो सर्व्हर म्हणजे गोदाम, आणि गोदामाच्या दारावर एक पहारेकरी असतो, जो दर वेळी तपासतो की हा गेम या खात्यावर, या यंत्रावर चालवायची परवानगी आहे का. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्ला बंद झाला तर नवं गिऱ्हाईक परत जातं. गोदाम आणि पहारेकरी गेले, तर ज्याने पैसे मोजले तोच बाहेर राहतो. कंपन्या घोषणा करतात ती पहिल्या गोष्टीची. उरलेल्या दोन कधी जाणार, याबद्दल मोघम बोलतात.

हा पहारा किती घट्ट असतो ते बघण्यासारखं आहे. थ्रीडीएसवर नवा गेम उतरला की मुख्य पडद्यावर तो रिबीन बांधलेल्या भेटीच्या खोक्यासारखा दिसतो, टिचकी मारली की खोकं उघडतं. फार गोड कल्पना. पण तो गेम एसडी कार्डावर उतरताना त्या एकाच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद होतो. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा, फाइल दिसेल, कॉपीही होईल. दुसऱ्या थ्रीडीएसमध्ये घातलीत तर मात्र ती नुसती जागा अडवेल. म्हणजे यंत्र बिघडलं की नवं यंत्र घ्या, त्यावर आपलं खातं आणा आणि पुन्हा गोदामाच्या दाराशी उभे राहा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 मध्ये लायसन्स दोन ठिकाणी बांधलेलं होतं, ज्या कन्सोलवर गेम घेतला त्याच्याशी आणि घेणाऱ्याच्या प्रोफाइलशी. कन्सोल बदलला तर इंटरनेट हवंच, नाहीतर लायसन्स हलवून घ्यायची खटपट करा.

सगळ्यात विनोदी किस्सा सोनीच्या प्लेस्टेशन 4 चा. त्याच्या आत घड्याळ चालू ठेवायला एक नाण्याएवढी बॅटरी असते, अशी कितीतरी उपकरणांत असते. 2021 मध्ये काही हौशी मंडळींनी दाखवून दिलं की ही बॅटरी संपली आणि कन्सोलला सोनीच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर डाउनलोड केलेला गेम सोडाच, डिस्कवरचा गेमसुद्धा सुरू होत नाही. कारण काय, तर ट्रॉफी कधी मिळवली त्याची वेळ कुणी खोटी घालू नये! बक्षिसाच्या नोंदीसाठी अख्खा खेळ ओलीस. सोनीने त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटमध्ये हे गुपचूप दुरुस्त केलं, हे चांगलंच झालं. पण कुणी बोंब मारली नसती तर? त्या बॅटऱ्या एकेक करून संपल्याच असत्या.

आता कुणी म्हणेल, गोदाम तर चालू आहे ना, मग ओरड कशाची? वी यूच्या आधीच्या 'वी' या कन्सोलचं उदाहरण घ्या. त्याचं दुकान 30 जानेवारी 2019 ला बंद झालं, पण घेतलेले गेम पुन्हा उतरवता येत होते. मार्च 2022 मध्ये तेही बंद पडलं. आठवडे गेले, महिने गेले. कंपनीने उशिरा 'देखभाल चालू आहे' एवढं म्हटलं आणि चारेक महिन्यांनी ते पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात कुणाचा वी बिघडला असेल त्याने काय करायचं होतं? त्याच्या हातात ना तारीख होती, ना तक्रार करायला जागा, ना कायद्याचा आधार. गोदाम उघडलं ते मालकाची मर्जी म्हणून. उद्या नाही उघडलं, तरी घेणाऱ्याला काही म्हणता यायचं नाही. आपण त्या अटींवर 'मान्य' म्हणून टिचकी मारलेली असते.

सोनीचा 2021 चा प्रकार तर मजेशीरच. मार्चअखेर जाहीर केलं की प्लेस्टेशन 3 आणि हातात धरून खेळायच्या पीएसपीची दुकानं 2 जुलैला आणि तसल्याच व्हिटाचं 27 ऑगस्टला बंद. चाहते चिडले. व्हिटासाठी तेव्हाही गेम बनवत असलेले छोटे विकसक हवालदिल झाले. तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच, 19 एप्रिलला, कंपनीचे प्रमुख जिम रायन यांनी निर्णय चुकल्याचं सांगितलं आणि प्लेस्टेशन 3 व व्हिटाची दुकानं राहू दिली. पीएसपीची खरेदी मात्र ठरल्याप्रमाणे गेली. ती दुकानं पुढे चालू राहिली. मला याचा आनंद आहेच, पण त्यातून दिसलं ते असं की 'आता शक्यच नाही' हे कारण मुळातच नव्हतं. हिशेब केला होता, लोक ओरडल्यावर हिशेब बदलला. पीएसपीवाल्यांचा आवाज कमी पडला, इतकंच.

बुडतं काय, हाही प्रश्न आहे. मोठी नावं बुडत नाहीत. झेल्डा आणि मारिओ दर पिढीत नवा अंगरखा घालून येतात आणि आपण पुन्हा पैसे देतो. बुडतात ते मधले आणि छोटे गेम, ज्यांची डिस्क किंवा कार्ट्रिज कधी निघालीच नाही. वी यूवर 2015 मध्ये 'अफोर्डेबल स्पेस ॲडव्हेंचर्स' नावाचा गेम आला होता. टीव्हीवर तुमचं भंगार अवकाशयान दिसतं आणि हातातल्या गेमपॅडच्या टचस्क्रीनवर त्या यानाचं कंट्रोल पॅनेल. इंजिन किती फिरवायचं, उष्णता किती, आवाज किती, वीज किती, सगळं बोटाने कमी-जास्त करायचं, कारण समोरचं परग्रही यंत्र नेमकं यातलंच काहीतरी हुंगत असतं. इंजिन पूर्ण बंद करून, नुसतं घरंगळत त्याच्यासमोरून निसटायचं. दोघं-तिघं बसले तर एक जण यान हाकतो, दुसरा दिवा धरतो, तिसरा इंजिन सांभाळतो, आणि तिघंही एकमेकांवर खेकसतात. हा गेम दुसऱ्या यंत्रावर नेणार कसा? दोन पडद्यांची ती जोडगोळी हाच तर त्याचा जीव. तसंच थ्रीडीएसवर एमटू या जपानी चमूने सेगा कंपनीच्या जुन्या गेम्सना दिलेली थ्रीडी खोली, चष्म्याशिवाय दिसणारी. ती त्या पडद्यावरच दिसते, दुसरीकडे नाही.

जुलै 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात विकत मिळत नाहीत. विकत घ्यायला तयार असूनही मिळत नाहीत म्हटल्यावर माणूस जुन्या कार्ट्रिजच्या मागे लागतो किंवा वाकड्या वाटेने जातो. डाउनलोडच्या गेमला तर जुनी कार्ट्रिजही नाही.

हे सगळं आजचं दुखणं आहे असंही नाही. 1995 मध्ये जपानात निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी सॅटेलाव्ह्यू नावाची सोय आली. उपग्रहावरून ठरलेल्या वेळी गेम प्रसारित व्हायचे, आणि ते आठ मेगाबिटच्या छोट्या मेमरी पॅकवर उतरवून घ्यायचे. जून 2000 मध्ये ती सेवा थांबली. त्यातलं जे आज शिल्लक आहे त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी कपाटातल्या वापरलेल्या मेमरी पॅकमधून चाहत्यांनी उपसून काढलेलं आहे. म्हणजे या धंद्याला धोक्याची घंटा ऐकून पंचवीस वर्षं झाली.

कंपन्यांमध्ये डावं-उजवं करायचंच झालं, तर या बाबतीत मी मायक्रोसॉफ्टला वरचे गुण देईन. एक्सबॉक्सची यंत्रं मला कधीच फारशी आवडली नाहीत, हेही सांगतो. 360 चं दुकान 29 जुलै 2024 ला बंद झालं, पण त्यावर घेतलेले कितीतरी गेम पुढच्या दोन्ही पिढ्यांच्या कन्सोलवर पुन्हा पैसे न देता चालतात. सगळे नाही. जे केवळ 360 वरच होते त्यांची नवी विक्री थांबलीच. तरी ग्राहकाचं जुनं खातं म्हणजे त्याची मालमत्ता, असं निदान वागण्यातून दिसतं. सोनीची अडचण थोडी खरी आहे. प्लेस्टेशन 3 चा सेल प्रोसेसर इतका विचित्र होता की प्लेस्टेशन 5 वर तो जसाच्या तसा उभा करणं सोपं नाही. म्हणून ते गेम स्ट्रीमिंगने देतात, म्हणजे पुन्हा पहारेकरी आलाच.

आणि निंटेंडो. यंत्रं आणि गेम बनवावेत तर त्यांनी, आणि ग्राहकाला टांगून ठेवावं तेही त्यांनीच. वीवर घेतलेला जुना गेम वी यूवर पूर्ण चालवायचा तर वर थोडे पैसे टाका, आणि त्यानंतरच्या स्विच या कन्सोलवर तर तो आधीचा हक्क शून्य, आता वर्गणी भरा. सप्टेंबर 2020 मध्ये 'सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स' काढला आणि 31 मार्च 2021 नंतर विकणार नाही असं आधीच सांगितलं. डिजिटल आवृत्तीसुद्धा! कागद संपला नाही, कारखाना बंद पडला नाही, सर्व्हर जुना झाला नाही. टंचाई हाच विक्रीचा मसाला होता. हे पाहिल्यावर पुढच्या वेळी 'तांत्रिक कारणं' ऐकताना माझ्या कपाळावर आठी पडणारच.

कंपन्यांचे हात बांधलेले असतात, हेही काही ठिकाणी खरं आहे. 'आउटरन ऑनलाइन आर्केड' मध्ये फेरारीच्या गाड्या होत्या, परवाना संपला आणि गेम गेला. 'फोर्झा होरायझन 4' डिसेंबर 2024 मध्ये असाच विक्रीतून उतरला. 'स्कॉट पिलग्रिम' चा गेम डिसेंबर 2014 मध्ये नाहीसा झाला तो थेट जानेवारी 2021 मध्ये परतला. परवाना संपला की नवी विक्री थांबणार, हे समजण्यासारखं आहे. पण जुन्या गिऱ्हाइकाची फाइल अडवायला ते कारण पुरत नाही. या उदाहरणांत बहुतेकांना ती पुन्हा मिळालीही. अपवाद 'पीटी' चा. ऑगस्ट 2014 मध्ये फुकट दिलेली ही भयकथेची झलक एप्रिल 2015 मध्ये काढून घेतली आणि ज्यांच्या खात्यात होती त्यांनाही पुन्हा उतरवता येईना. फुकटची होती, कोण भांडणार? मग ती झलक आत असलेली जुनी प्लेस्टेशन 4 यंत्रं चढ्या भावाने विकली जाऊ लागली.

फक्त ऑनलाइन चालणारे गेम हे याचंच पुढचं पाऊल. युबिसॉफ्टचा 'द क्रू' 2014 मध्ये आला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाला आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांतून गेमचं लायसन्सही काढून घेतलं गेलं. त्यावरून रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघातल्या नागरिकांच्या अर्जावर जुलै 2025 मध्ये सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. या मोहिमेवर ठरलेला आक्षेप असा की कंपन्यांनी जन्मभर सर्व्हर चालवायचे काय? तसं कुणी मागितलेलंच नाही. जाताना किल्ली ठेवून जा, एवढंच मागणं आहे. आणि ते जमतं. 'नॉकआउट सिटी' 2023 मध्ये बंद करताना बनवणाऱ्यांनी खासगी सर्व्हरवर चालणारी आवृत्ती फुकट दिली. निंटेंडोनेच 'ॲनिमल क्रॉसिंग पॉकेट कॅम्प' ची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर 2024 मध्ये थांबवली आणि लगेच डिसेंबरमध्ये एकदाच पैसे भरून ऑफलाइन खेळता येईल असा गेम काढला, जुनी प्रगतीसुद्धा आत घेता येईल असा. म्हणजे मनात आलं तर जमतं, आणि विकूनही जमतं.

मग कायद्याने काय करावं? कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून असा नियम आहे की डिजिटल वस्तू विकताना, तुम्हाला मालकी नव्हे तर परवाना मिळतोय, हे स्पष्ट सांगायला हवं. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने त्याच्या आधीच तशी ओळ घातली. ठीक आहे, पण अशा पाटीने ग्राहकाला काय मिळालं? कंपनीला उलट सोयच झाली, कारण आता 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता येतं.

मला हवं आहे ते जास्त साधं आणि कंपनीला जास्त अडचणीचं. गल्ला बंद करण्याची घोषणा होईल त्याच दिवशी गोदाम आणि पहारा किती वर्षं राहणार, याची तारीख लेखी द्यावी. आणि ती तारीख आली की त्या यंत्रासाठी एक शेवटचं अपडेट निघावं, ज्याने त्या खात्यावरचे गेम कुणालाही न विचारता चालतील आणि त्यांची प्रत ग्राहकाला स्वतःजवळ ठेवता येईल. जुन्या यंत्राचं कुलूप काढायला नवं तंत्रज्ञान शोधावं लागत नाही, कुलूप त्यांनीच बसवलेलं आहे.

इथे चोरीचा मुद्दा येणार. थ्रीडीएस आणि व्हिटाची कुलपं हौशी लोकांनी केव्हाच फोडली आहेत. ज्याला फुकट खेळायचं आहे तो आज, या क्षणी, फुकट खेळतो आहे. कुलूप आता फक्त पैसे भरलेल्या माणसालाच आडवं येतं. 2023 मध्ये दुकान बंद होण्याआधी एका यूट्यूबरने वी यूचे 866 आणि थ्रीडीएसचे 1,547 गेम, म्हणजे जवळपास सगळं दुकान, 22,791 डॉलर मोजून विकत घेतलं. एवढं करूनही ते सगळं मोजक्या यंत्रांच्या किल्ल्यांना बांधलेलं. प्रामाणिकपणाची याहून मोठी पावती कुणी दाखवणार नाही, आणि तरीही ते संग्रहालय होत नाही.

संग्रहालयांची स्थिती तर त्याहून केविलवाणी. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1992 च्या कायद्यापासून गेमही जमा होतात, ही किती शहाणपणाची गोष्ट. पण खोक्यात मिळणारी वस्तू जमा करता येते, कंपनीच्या सर्व्हरवरची फाइल कोण आणून देणार? अमेरिकेत ग्रंथालयांनी मागितलं होतं की बाजारात न मिळणारे गेम अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नकार दिला. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला होता, कारण म्हणे लोक संशोधनाच्या नावाखाली मजा करतील. जे स्वतः विकत नाहीत, त्यावर कुणी मजा करू नये म्हणून वकील लावायचे, हा हट्ट माझ्या तरी डोक्यात शिरत नाही.

डिस्क घ्या, असा सल्ला मिळतो. मी घेतोही. पण डिस्क म्हणजे सुटका, हे आता पूर्वीइतकं खरं नाही. प्लेस्टेशन 5 च्या नव्या, सडपातळ यंत्राचा डिस्क ड्राइव्ह वेगळा काढता येतो आणि तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून ओळख पटवावी लागते. स्विच 2 वर तर 'गेम-की कार्ड' आलं आहे. पेटीतून कार्ड निघतं, कन्सोलमध्ये घालावंही लागतं, पण त्यावर गेम नसतोच, तो डाउनलोड करायचा. ते दुसऱ्याला देता किंवा विकता येतं, एवढं त्याचं भलं. पण गोदाम बंद झालं की हातात प्लॅस्टिकचा तुकडा. मोठे गेम कार्डावर बसत नाहीत, हे कारण मी मानलं असतं, जर त्याच कन्सोलवर 'सायबरपंक 2077' 64 जीबीच्या कार्डावर पूर्ण बसून आला नसता. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ही पूर्ण कार्डावर आहे. तेव्हा माझ्यापुरतं ठरलं आहे. गेम पूर्ण असेल तर कार्ड घ्यायचं. कॉम्प्युटरवर जीओजीसारख्या ठिकाणी इन्स्टॉलर उतरवून ठेवता येत असेल तर तिथून घ्यायचं. फक्त डाउनलोडवरच मिळणारा छोटा गेम आवडला तर तोही घ्यायचा, कारण तो बनवणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत. आणि नुसती किल्ली असलेलं कार्ड पूर्ण किमतीला विकायला ठेवलं असेल, तर ते दुकानातच राहू द्यायचं.